तारुण्याची टोचणी

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र सभेपुढे एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ बोलावयास उभे राहिले. त्यांचे नाव शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार. वय ७२. क्लोद बेर्नार यांच्यासारख्या शरीरक्रियाशास्त्राच्या आचार्यांनंतर कॉलेज द फ्रान्समधील अध्यासन ज्यांच्याकडे आले, असे हे गृहस्थ. त्या दिवशी त्यांनी जे सांगितले, ते मात्र फारच अनपेक्षित होते. कुत्रा आणि गिनीपिग या प्राण्यांचे वृषण थोड्या पाण्यात कुटून, तो रस गाळून त्यांनी स्वतःच्या त्वचेखाली टोचून घेतला होता. आणि त्यामुळे आपले ओसरलेले बळ परत आले, असे त्यांचे म्हणणे होते.

ययातीला तारुण्य देणारा पुरू मिळाला, ब्राऊन-सेकार यांना गिनीपिग मिळाले, एवढाच काय तो फरक, असे एखाद्यास वाटेल. पण आणखी एक फरक आहे. ययातीने मोजमाप ठेवले नव्हते. ब्राऊन-सेकार यांनी ते ठेवले, छापले आणि जगापुढे मांडले. म्हणूनच त्यांचा दावा शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा तपासून पाहता आला.

हा विषय जुन्या काळातील एक गंमत म्हणून सोडून देण्याजोगा नाही. वार्धक्यात हृदय सशक्त राहावे, स्नायू झडू नयेत, उत्साह टिकावा यासाठी टेस्टोस्टेरॉनचे जेल, वृद्धिसंप्रेरकाची इंजेक्शने, डीएचईएच्या गोळ्या स्वतःवर वापरून पाहणारी माणसे आज जगभर आहेत. निवृत्तीनंतर हाती थोडा पैसा आणि पुष्कळ वेळ असतो, आरशातला चेहरा दररोज काहीतरी सुचवीत असतो. अशा वेळी जाहिरात मनात सहज घर करते. शरीरातील जो रस वयानुसार कमी होतो तो बाहेरून भरून काढला तर वय मागे जाईल, हा विचार दिसावयास फार सरळ आहे. ब्राऊन-सेकार यांचाही नेमका हाच विचार होता.

मॉरिशसचा मुलगा

ब्राऊन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशस बेटावरील पोर्ट लुई येथे झाला. वडील एडवर्ड ब्राऊन अमेरिकन, जहाजावरील कप्तान. मुलगा जन्मण्यापूर्वीच ते समुद्रात नाहीसे झाले. आई शार्लोत सेकार ही फ्रेंच वंशाची. तिनेच मुलाला कष्टाने वाढविले, आणि तिच्या मृत्यूनंतर मुलाने आपल्या नावास तिचे आडनाव कायमचे जोडले. ज्या पोर्ट लुई बंदरात १८३४ पासून भारतीय करारबद्ध मजुरांची जहाजे लागू लागली, ज्या बेटावर पुढे कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही स्थायिक झाली, तेच हे गाव. १८३८ मध्ये तो तरुण साहित्यिक होण्याची स्वप्ने घेऊन पॅरिसला निघाला. तेथे एका ज्येष्ठ लेखकाने त्याला लेखनावर पोट भरण्याच्या कल्पनेपासून परावृत्त केले आणि तो वैद्यकाकडे वळला. १८४६ मध्ये त्याने पदवी मिळविली.

स्वतःच्या देहाला प्रयोगशाळा मानण्याची सवय त्यांना तरुणपणापासूनच होती. जठररसाचा अभ्यास करावयाचा म्हणून ते दोऱ्याला बांधलेला स्पंज गिळत आणि तो पुन्हा वर ओढून काढीत. या खटाटोपाने त्यांना खाल्लेले अन्न तोंडात परत येण्याची खोड जडली, ती जन्मभर गेली नाही. १८५४ मध्ये मॉरिशसमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा ते तेथे रुग्णसेवेस होते. अफूच्या अर्काचा गुण पारखण्यासाठी त्यांनी पटकीच्या रुग्णांची वांती स्वतः गिळली. त्यानंतर अमेरिकेतील रिचमंड येथे अध्यापन करीत असताना त्वचेचे कार्य समजून घेण्यासाठी त्यांनी सर्वांगाला व्हार्निश फासले आणि ते बेशुद्ध पडले. एका विद्यार्थ्याने वेळीच पाहिले म्हणून जीव वाचला, असे सांगतात. आज कोणतीही नीतिमत्ता समिती असल्या प्रयोगांना परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

तथापि या माणसाला विक्षिप्त ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. मज्जारज्जूचा अर्धा भाग कापला गेला असता एका बाजूची हालचाल जाते आणि दुसऱ्या बाजूची वेदना व उष्णता यांची जाणीव जाते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या लक्षणसमूहाला आजही त्यांचेच नाव आहे. रक्तवाहिन्यांचे आकुंचन मज्जातंतूंच्या ताब्यात असते, हे १८५२ च्या सुमारास ज्या थोड्या लोकांनी सिद्ध केले त्यांत ते होते. १८५६ मध्ये त्यांनी प्राण्यांच्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी मेले. म्हणजे या इवल्याशा ग्रंथी रक्तात असे काही सोडतात की ज्यावाचून जीव राहू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘हॉर्मोन’ हा शब्द तेव्हा अस्तित्वातही नव्हता. तो अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला. वृषणाच्या बाबतीतही असेच काही असावे, ही कल्पना ब्राऊन-सेकार यांनी १८६९ मध्ये आपल्या व्याख्यानांत बोलून दाखविली होती. ती त्यांनी वीस वर्षे मनात बाळगली आणि मग सुई स्वतःच्या अंगात टोचली.

दहा सुया

१५ मे ते ४ जून १८८९ या काळात त्यांनी दहा टोचण्या घेतल्या. पहिल्या पाच कुत्र्याच्या रसाच्या होत्या, पुढील गिनीपिगच्या. दोन डाव्या दंडात आणि उरलेल्या पायांत. वेदना बऱ्याच होत. या प्रयोगाचा सविस्तर वृत्तांत २० जुलै १८८९ च्या ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तो वाचताना एका वृद्ध माणसाचे मन उलगडत जाते. प्रयोगापूर्वीची अवस्था त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे. प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले की बसावे लागे. संध्याकाळी घरी परतल्यावर इतका थकवा येई की जेवण होताच अंथरूण धरावे लागे, आणि झोप तर लागतच नसे. वाचकांपैकी ज्यांनी सत्तरी पाहिली आहे त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सारे पालटले. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहून काम करता येऊ लागले. साठीच्या आधी चढत तसे ते जवळजवळ धावत जिने चढू-उतरू लागले. रात्री जेवणानंतर बसून एका अवघड विषयावर लिहिणे जमू लागले. आता ही झाली अनुभवाची भाषा. पण ते शास्त्रज्ञ होते, म्हणून त्यांनी यंत्र लावले. डायनामोमीटर या बळमापक यंत्रावर त्यांच्या उजव्या बाहूचे बळ प्रयोगापूर्वी सरासरी साडेचौतीस किलो भरत होते, ते टोचणीनंतर ४१ किलो भरले. मूत्राची धार किती दूर जाते हेसुद्धा त्यांनी मोजले आणि ती निदान एक चतुर्थांशाने वाढली असे नमूद केले. कोठा साफ होण्यातही सुधारणा झाली. सभ्य मंडळींना हे वाचताना संकोच वाटला असेल, परंतु यात लपवाछपवी नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली, आणि तिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. टोचण्या थांबविल्यानंतर महिन्याभरात सारा अशक्तपणा जवळजवळ पूर्वीसारखा परत आला. हा सगळा मनाचा खेळ असू शकेल, ही शंकाही त्यांच्या मनात होती. म्हणून इतरांनी हा प्रयोग करून पाहावा अशी विनंती त्यांनी केली. पॅरिसमधील व्हारिओ नावाच्या डॉक्टरांनी तीन वयस्क पुरुषांना तो रस टोचला. कशाचा रस आहे हे रुग्णांना सांगितले नव्हते. मात्र शक्ती देणारे औषध आहे एवढे सांगितले होते. तिघांनाही बरे वाटले. नेमकी येथेच मेख आहे. ‘शक्तीचे औषध’ हे दोन शब्द त्या रसाइतकेच, किंबहुना अधिक, कामाचे असू शकतात.

प्रसिद्धी आणि बाजार

वृत्तपत्रांनी विषय उचलून धरला. कोणी टिंगल केली, कोणी चिरतारुण्य सापडल्याची द्वाही फिरविली. ब्राऊन-सेकार यांनी स्वतः या रसावर पैसा केला नाही. डॉक्टरांना तो विनामूल्य पुरविला आणि परिणाम कळवावेत एवढीच अपेक्षा ठेवली. पण बाजाराला तेवढी सभ्यता कोठून असणार? अटलांटिकच्या दोन्ही बाजूंस त्यांच्या नावाने ‘अमृत’ विकले जाऊ लागले. ऑगस्ट १८८९ मध्ये, म्हणजे लॅन्सेटमधील लेखाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, अमेरिकेतील पिट्सबर्गचा बेसबॉलपटू जेम्स गॅल्विन याने ही टोचणी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने बोस्टनविरुद्धचा सामना जिंकून दिला आणि वृत्तपत्रांनी श्रेय रसाला दिले. क्रीडाक्षेत्रातील उत्तेजकांच्या इतिहासात या प्रसंगाचा आजही उल्लेख होतो. गॅल्विन हा आधीपासूनच नामवंत गोलंदाज होता, ही बाब त्या बातमीच्या ओघात मागे पडली.

एप्रिल १८९४ मध्ये ब्राऊन-सेकार यांचे निधन झाले. दहा सुयांनंतर ते जेमतेम पाच वर्षे जगले.

त्या रसात होते तरी काय?

उत्तर विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने मिळत गेले. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाक्युर यांच्या प्रयोगशाळेत बैलांच्या वृषणांतून खरे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले. सुमारे १०० किलो वृषणांतून हाती आले १० मिलिग्रॅम! निरोगी पुरुषाचे शरीर दररोज साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. म्हणजे बैलांच्या त्या ढिगाऱ्यातून जेमतेम दोन दिवसांची बेगमी झाली असती. वृषण हे संप्रेरक साठवून ठेवीत नाहीत, तयार होताच रक्तात सोडतात. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ब्राऊन-सेकार यांनी तर पाण्यातच रस काढला होता. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यांची कृती जशीच्या तशी करून पाहिली आणि रसातील टेस्टोस्टेरॉन मोजले. आजच्या उपचाराच्या मात्रेपेक्षा ते हजारो पटींनी कमी निघाले. परिणाम होणे शक्यच नव्हते.

मग ४१ किलो कोठून आले? हा आकडा खोटा मानण्याचे कारण नाही. माणूस आशेने यंत्र दाबतो तेव्हा ते अधिक जोराने दाबले जाते. शिवाय नवा उपाय आपण कधी सुरू करतो? अगदी खचलेल्या दिवसांत. असे दिवस मुळातच सरणारे असतात. ते सरले की श्रेय उपायाला जाते. तिसरी गोष्ट अशी की जो औषध देतो, जो घेतो आणि जो मोजतो तो एकच माणूस असेल तर चूक पकडणार कोण? बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर नोंद करणारा आणि ती तपासणारा हे दोघे वेगळे असावेत, हा नियम प्रामाणिक कारकुनालाही लागू असतो.

चुकीच्या वाटेवर सापडलेले

या प्रकरणात एक मोठी गंमत आहे. चुकलेल्या प्रयोगातून बरोबर कल्पना पुढे गेली. ग्रंथीचा अर्क देऊन शरीरातील उणीव भरून काढता येईल, हा विचार अनेक तरुण डॉक्टरांच्या डोक्यात भिनला. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. थायरॉइड निकामी झाल्यामुळे तिचा चेहरा सुजला होता, बोलणे व हालचाल मंदावली होती. त्या अर्काने ती खरोखर सुधारली आणि १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी सुमारे ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या, असा हिशेब मरे यांनी पुढे प्रसिद्ध केला. १८९४ मध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो हे दाखविले. त्यातूनच ॲड्रेनलिन हाती आले, जे हृदय बंद पडलेल्या रुग्णाला आजही टोचले जाते.

मरे यांच्या रुग्णाची ग्रंथी रोगाने नष्ट झाली होती. ब्राऊन-सेकार यांची ग्रंथी फक्त म्हातारी झाली होती. हा भेद त्या काळी कोणाच्या लक्षात आला नाही, आणि आजही जाहिरातदार तो लक्षात येऊ देत नाहीत.

पुढील तीस-चाळीस वर्षांत तारुण्याचा शोध आणखी रंगला. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ यांनी १९२० पासून माकडांच्या वृषणाचे काप श्रीमंत वृद्धांच्या शरीरात बसविले. व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाख यांनी शुक्रवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया सुचविली; तिने वृषणातील संप्रेरक वाढते असा त्यांचा समज होता. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये ती करून घेतली, कवी येट्स यांनी १९३४ मध्ये. येट्स यांना आपली प्रतिभा पुन्हा पालवली असे मनापासून वाटले. श्टाइनाख यांची ही शस्त्रक्रिया म्हणजे तत्त्वतः आपल्याकडील नसबंदीच होय. पुढे कुटुंबनियोजनासाठी लाखो भारतीय पुरुषांनी ती करून घेतली. त्यांतील कोणी तरुण होऊन परतल्याचे ऐकिवात नाही.

१९३५ मध्येच आडोल्फ बूटेनांट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी टेस्टोस्टेरॉन कृत्रिमरीत्या तयार केले. आता प्राण्यांची गरज उरली नाही. १९४५ मध्ये पॉल द क्रुइफ या प्रख्यात अमेरिकन विज्ञानलेखकाने या संप्रेरकावर पुस्तक लिहिले आणि पन्नाशी ओलांडल्यावर आपण स्वतः ते घेत असल्याचे त्यात जाहीर केले. ब्राऊन-सेकार यांच्या रसात जे नव्हते ते आता गोळीत खरोखर होते. प्रश्न मात्र पहिल्यापेक्षा गंभीर झाला. निरुपयोगी पाण्याने फारसे नुकसान होत नाही. खऱ्या औषधाने होऊ शकते.

हृदयाचा हिशेब

स्त्रियांना रजोनिवृत्तीपूर्वी हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो. तेव्हा स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन हृदयाचे रक्षण करीत असावे, हा तर्क अगदी पटण्यासारखा होता. तो इतका पटला की १९६० च्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांनाच इस्ट्रोजेन देऊन पाहण्यात आले. अधिक मात्रेचा भाग १९७० मध्ये थांबवावा लागला, कारण त्या गटात झटके उलट वाढले होते. तरीही स्त्रियांच्या बाबतीत आशा मावळली नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांतील निरीक्षणांत असे दिसत होते की रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार बराच कमी आढळतो. डॉक्टरही ते विश्वासाने लिहून देऊ लागले.

मग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे स्त्रियांचे दोन गट पाडून, एका गटाला औषध व दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देऊन तपासणी झाली. १९९८ मध्ये हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांच्या अभ्यासात एकंदरीत काहीच लाभ दिसला नाही. पहिल्या वर्षी तर औषध घेणाऱ्यांना त्रास अधिक झाला. त्यानंतर आला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड अभ्यास. त्यातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याच्या भागात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या. जुलै २००२ मध्ये तो भाग मुदतीपूर्वीच थांबविल्याचे जाहीर झाले. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ आणि स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक निघाले. लाभाच्या बाजूस मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने आणि खुब्याचे अस्थिभंग ५ ने कमी.

आधीची निरीक्षणे इतकी कशी चुकली? संप्रेरक मागून घेणाऱ्या स्त्रिया सामान्यतः सुस्थितीतील, शिकलेल्या, व्यायाम करणाऱ्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या होत्या. त्यांचे हृदय चांगले होते याची कारणे त्या गोळीबाहेर होती. पुढील वर्षांत या आकड्यांचा पुन्हा बारकाईने अभ्यास झाला. साठीच्या आतील, नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांत धोका कमी आहे आणि तीव्र त्रास असेल तर त्यांना हे उपचार उपयुक्त ठरतात, असे मत आता रुजले आहे. परंतु ते गरम झळा, निद्रानाश यांसारख्या त्रासासाठी. केवळ हृदय जपण्यासाठी संप्रेरक घ्या, असे जबाबदार वैद्यकशास्त्र सांगत नाही.

वृद्धिसंप्रेरकाची कथा छोटी आहे. जुलै १९९० मध्ये डॅनियल रडमन यांनी ६१ ते ८१ वयाच्या २१ पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. १२ जणांना सहा महिने वृद्धिसंप्रेरक दिले, तेव्हा त्यांच्या शरीरातील चरबीविरहित भाग ८.८ टक्क्यांनी वाढला आणि चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. बस्स, एवढ्यावर तारुण्याची दुकाने उघडली! त्या माणसांचे बळ वाढले की नाही, ते अधिक जगले की नाही, हे त्या लेखात सिद्ध झालेच नव्हते. डीएचईएबाबत २००६ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दोन वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले: वृद्धांच्या शारीरिक क्षमतेत, इन्शुलिनच्या कार्यात वा जीवनमानात काही फरक नाही.

टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत २०१० मध्ये एक धक्कादायक निकाल आला. हालचाल मंदावलेल्या २०९ वृद्ध पुरुषांवरील अभ्यास अर्ध्यावर बंद करावा लागला. औषध घेणाऱ्यांपैकी २३ जणांना हृदय व रक्ताभिसरणाशी निगडित त्रास झाला, निष्क्रिय जेल लावणाऱ्यांपैकी फक्त ५ जणांना. तेव्हापासून हा वाद धुमसत होता. २०२३ मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ या अभ्यासाने त्यावर बराच प्रकाश टाकला. त्यात ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेले आणि हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेले ५,२०० हून अधिक पुरुष होते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचे प्रमाण औषधाच्या गटात ७.० टक्के आणि दुसऱ्या गटात ७.३ टक्के निघाले. म्हणजे झटक्याची भीती बरीचशी फिटली, पण संरक्षणही मिळाले नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुप्फुसात गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे हे प्रकार मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. आणि ज्या संप्रेरकाने हाडे बळकट होतील अशी सर्वांचीच अपेक्षा होती, ते घेणाऱ्यांत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार अस्थिभंगही अधिक निघाले!

आपल्या घरोघरी परिचित असलेल्या थायरॉइडच्या गोळीलाही हेच लागू पडते. ग्रंथी खरोखर निकामी झाली असेल तर ती गोळी जीवनदायी आहे आणि डॉक्टरांना न विचारता ती सोडणे धोक्याचे आहे. पण २०१७ मध्ये, ज्यांचा दोष केवळ तपासणीच्या कागदावर किंचित दिसत होता अशा ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर अभ्यास झाला, तेव्हा गोळीने त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही. हृदयविकार असलेल्या वृद्धांना तर ही गोळी गरज असतानाही अगदी अल्प मात्रेपासून सुरू करावी लागते, कारण ती हृदयाला घाई करावयास लावते.

स्वतःवर प्रयोग करणाऱ्याची आणखी एक फसगत होते, आणि ती ब्राऊन-सेकार यांच्या वाट्याला आली नव्हती. शरीर रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी सतत पाहत असते. बाहेरून पुरवठा सुरू झाला की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना दिली जाणारी आज्ञा थांबविते. स्वतःचे उत्पादन घटते, शुक्रजंतूंची निर्मितीही मंदावते. काही महिन्यांनी औषध बंद केले की स्वतःचे उत्पादन सुरू होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. त्या दरम्यान थकवा व उदासी येते. मनुष्य म्हणतो, ‘पाहा, औषधाची गरज होतीच!’ प्रत्यक्षात ती गरज औषधानेच निर्माण केलेली असते.

आपल्या देशात ही संप्रेरके डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावयास हवीत, असा नियम आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आहे असे ठरविण्यासाठी लक्षणे असावी लागतात आणि सकाळी घेतलेल्या रक्ताची तपासणी निदान दोन वेगवेगळ्या दिवशी करावी लागते, कारण ही पातळी दिवसभरात उतरत जाते. संध्याकाळी दिलेल्या एकाच नमुन्याच्या आधारे कोणी जेल सुचवीत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे इष्ट. उपचार सुरू झाल्यावरही पौरुषग्रंथीची आणि रक्ताच्या दाटपणाची तपासणी ठरावीक काळाने होत राहावी लागते, कारण या औषधाने तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होऊ शकते.